नगरपरिषदेच्या पाणी आणि सांडपाणी योजनेला डिझाइन-बिल्ड टेंडर लावावं का?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तुम्ही अभियंता आहात. लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास. नदीवर नवी जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), ६ किलोमीटरची रायझिंग मेन (पंपाने पाणी वर चढवणारी मुख्य पाईपलाईन), १० एमएलडीचं (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) जलशुद्धीकरण केंद्र, दोन उंच टाक्या, जुन्या गावठाणातली वितरण व्यवस्था बदलणं, आणि नदीत मिसळणारा नाला अडवून ६ एमएलडीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. सल्लागार म्हणतोय सगळं एकाच डिझाइन-बिल्ड टेंडरमध्ये घाला, म्हणजे डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच ठेकेदाराकडे, वर पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती जोडा. नगरसेवकांचं म्हणणं, डिझाइनच ठेकेदाराच्या हातात दिलं तर तो स्वतःच्या सोयीचं करणार. मुख्याधिकाऱ्यांना तुमचं मत हवंय.

मी कोल्हापुरात याच कामात २७ वर्षं आहे. पहिली अकरा वर्षं ठेकेदाराकडे होतो, टेंडर भरत होतो आणि साइट चालवत होतो. त्यानंतर नगरपालिकांच्या बाजूने सल्लागार म्हणून. त्यामुळे लम्पसमचा, म्हणजे सगळ्या कामाच्या एकरकमी किमतीचा आकडा रात्री बसून कसा काढतात हे मला माहीत आहे, आणि तो आकडा उघडल्यावर नगरपालिकेच्या गळ्यात काय पडतं हेही.

थेट उत्तर असं. जलशुद्धीकरण केंद्र, एसटीपी, पंपिंग मशिनरी आणि टाक्यांना डिझाइन-बिल्ड घ्या. गावठाणातल्या वितरण व्यवस्थेला घेऊ नका, ती आयटम रेटवर, म्हणजे प्रत्येक कामाच्या मोजमापाप्रमाणे पैसे देणाऱ्या बी-२ टेंडरवर काढा. रायझिंग मेन टेंडरमध्ये ठेवायला हरकत नाही, पण व्यास तुम्ही ठरवून द्या. आणि हे सगळं करायला तुमच्याकडे अजून काही माहिती तयार नसेल, तर चार-सहा महिने थांबा. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याबद्दलच आहे.

नगरसेवकांच्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती रास्त आहे. पण ठेकेदाराने डिझाइन करणं आपल्याकडे नवीन नाही. उंच टाकी आपण कित्येक वर्षं ठेकेदाराच्या स्वतःच्या डिझाइनवर लम्पसम बांधत आलोय. क्षमता, स्टेजिंगची (टाकीखालच्या खांबांची) उंची आणि जागा आपण देतो, बाकी त्याचं. शुद्धीकरण केंद्रांचंही बहुतेक ठिकाणी तसंच. त्यातून चांगल्या टाक्याही उभ्या राहिल्या आणि गळक्याही. जिथे चांगल्या झाल्या तिथे टाकी आय.एस. ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे पूर्ण भरून, सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ देऊन, पुढचे सात दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का हे कोणीतरी रोज जाऊन पाहिलं होतं. जिथे गळक्या झाल्या तिथे चौदा दिवसांची चाचणी एका दुपारी कागदावर उरकली होती. दोन्हीकडे डिझाइन ठेकेदाराचंच होतं, फरक तपासणाऱ्याचा होता.

डिझाइन-बिल्डमध्ये नेमकं काय बदलतं ते नीट समजून घ्या. बी-१ (टक्केवारी दराचं टेंडर) किंवा बी-२ मध्ये डिझाइन तुमचं असतं. ड्रॉइंग चुकलं, परिमाण वाढलं, की भुर्दंड तुमचा. मग वाढीव परिमाणाच्या ३८ व्या कलमावरून वाद, एक्स्ट्रा आयटमचे प्रस्ताव, सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी मंत्रालयाच्या फेऱ्या. डिझाइन-बिल्डमध्ये तुम्ही ठेकेदाराला सांगता की मला अमुक गुणवत्तेचं, अमुक इतकं पाणी, अमुक ठिकाणी, अमुक विजेच्या खर्चात हवं. कसं करायचं ते तू ठरव. डिझाइन चुकलं तर भरपाई तो करणार. सिव्हिलवाला मेकॅनिकलवाल्याकडे बोट दाखवतोय, मेकॅनिकलवाला सल्लागाराकडे, हा प्रकार थांबतो. सिव्हिलचं एक टेंडर, मशिनरीचं दुसरं, वीजजोडणीचं तिसरं अशा योजनांमध्ये पंप पॅकिंगमध्येच दोन पावसाळे काढताना मी पाहिलेत, कारण पंपहाऊसचा पाया दुसऱ्याच्या टेंडरमध्ये होता.

पण यातला 'अमुक' हा शब्द प्रत्येक ठिकाणी आकड्याने भरावा लागतो, आणि तो तुम्हालाच भरावा लागतो. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पिवळ्या पुस्तकात, म्हणजे डिझाइन-बिल्डच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात, या भागाला मालकाच्या अपेक्षा म्हणतात. आपल्या टेंडरांमध्ये तो बहुतेक वेळा दोन-तीन पानांत गुंडाळलेला असतो. 'अद्ययावत तंत्रज्ञानाचे, उत्तम दर्जाचे' अशी वाक्यं असतात. त्या वाक्यांवर एकही दावा टिकत नाही. जे तुम्ही लिहिलं नाही ते ठेकेदार ठरवणार, आणि तो स्वस्तातलं ठरवणार. त्यात त्याची बदमाशी नसते. त्याने टेंडर सर्वांत कमी दरावर मिळवलेलं असतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तुमच्याच रायझिंग मेनमध्ये आहे. आकडे मांडतो, तुम्ही कागदावर पडताळून पाहा.

१० एमएलडी पाणी २२ तासांत उचलायचं म्हणजे सेकंदाला सुमारे १२६ लिटर. आतून सिमेंटचं अस्तर असलेला डीआय (डक्टाइल आयर्न) पाईप, हेझन-विल्यम्स सूत्रातला पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा सी १४० धरला. ४०० मिमी व्यासात वेग सेकंदाला १ मीटर येतो आणि घर्षणाने किलोमीटरमागे साधारण २.१ मीटर हेड (मीटर उंचीत मोजलेला पाण्याचा दाब) जातं. ६ किलोमीटरला जवळपास १३ मीटर. आता ठेकेदाराने ३५० मिमी घेतला. वेग १.३ मीटर, तोही चालण्यासारखा, कोणी आक्षेप घेणार नाही. पण हेडलॉस किलोमीटरमागे ४ मीटरच्या वर जातो, ६ किलोमीटरला २४ मीटर. म्हणजे साडेअकरा मीटर जास्तीचं हेड पंपाने रोज उचलायचं. पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर रोज साधारण ४५० युनिट जास्त, वर्षाला १ लाख ६४ हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १३ लाख रुपये. सुरुवातीच्या वर्षांत पूर्ण १० एमएलडी चालणार नाही, तेव्हा आकडा कमी राहील. पण गाव वाढेल तसा तो वाढत जाईल, आणि वीजही स्वस्त होणार नाही.

पाईपमधली बचत ठेकेदाराच्या खिशात एकदा जाते, विजेचं बिल नगरपरिषद तीस वर्षं भरते. दोन्ही व्यास नियमात बसतात. म्हणून तुम्ही व्यास लिहून द्यायचा, किंवा मग हमीच्या वीजखर्चाचं १५ वर्षांचं आजचं मूल्य काढून ते टेंडरच्या किमतीत मिळवायचं आणि त्या बेरजेवर सर्वांत कमी कोण ते ठरवायचं. दुसरी पद्धत जास्त चांगली आहे, पण तिच्यात हमी मोडली तर किती दंड, मोजणी कुठल्या मीटरवर, कोणासमोर, हे सगळं लिहावं लागतं. लहान नगरपरिषदेत लेखा विभागाला आणि लेखापरीक्षणाला ते पटवणं कठीण जातं. तुमच्या जागी मी असतो तर रायझिंग मेनला व्यास आणि पाईपचा क्लास ठरवून दिला असता, आणि वीजखर्चाचं गणित एसटीपी आणि पंपांपुरतं लावलं असतं. वॉटर हॅमरचा अभ्यास मात्र ठेकेदाराकडून सक्तीने घ्या. वीज गेल्यावर ६ किलोमीटरचा पाण्याचा स्तंभ उलटा येतो तेव्हा काय होतं, हे पाईप फुटल्यावर कळून उपयोग नाही.

आता तुमच्याकडे काय तयार हवं त्याबद्दल.

पहिली गोष्ट पुराची पातळी. आपल्याकडे याला पर्याय नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला कोल्हापूर शहराची शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराला चारी बाजूंनी पाणी असताना घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. माझ्या आईचं वय तेव्हा ७८ होतं. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवताना मी जे ठरवलं ते असं की माझ्या सहीच्या कुठल्याही टेंडरमध्ये मोटर फ्लोअरची (पंपाच्या मोटरी बसतात त्या मजल्याची) पातळी मोकळी सोडायची नाही.

राजारामचे फूट तुमच्या जागेला लागू पडत नाहीत, तो त्या बंधाऱ्यावरचा गेज आहे. जलसंपदा विभागाकडून तुमच्या ठिकाणची निळी आणि लाल पूररेषा घ्या. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. आणि मग गावात जाऊन विचारा. एका जुन्या पंपहाऊसवर मी लेव्हल घ्यायला गेलो होतो, तिथला ऑपरेटर मला मागच्या बाजूला घेऊन गेला. भिंतीवर ऑइलपेंटचे दोन पट्टे होते आणि त्यांच्या वर, वेगळ्या उंचीवर, विटांच्या सांध्यात ठोकलेला एक खिळा. "साहेब, पाच सालाला पाणी हितं व्हतं," पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला. "एकोणीसला ह्या खिळ्याला लागलं. मीच होडीतनं येऊन ठोकलाय." आम्ही ऑटोलेव्हल लावून खिळ्याची आर.एल. (समुद्रसपाटीपासूनची पातळी) काढली. प्रस्तावातल्या मोटर फ्लोअरपेक्षा खिळा ९० सेंटिमीटर वर होता. पुढे त्या योजनेत मोटर फ्लोअर, पॅनेल रूम आणि ट्रान्सफॉर्मरचा चौथरा, तिन्हींची किमान आर.एल. टेंडरमध्ये आकड्यात लिहिली. ट्रान्सफॉर्मर विसरू नका. मोटर कोरडी आणि ट्रान्सफॉर्मर पाण्यात, असं झालं तर सगळं व्यर्थ. जॅकवेलकडे जाणारा पूल आणि महावितरणचं ज्या उपकेंद्रातून फीडर येतो ते उपकेंद्र कुठल्या पातळीवर आहे, हेही पाहा.

दुसरी गोष्ट जमिनीखाली काय आहे ती. नदीकाठी काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग बेसॉल्ट. पण खडक किती खोल हे शंभर फुटांवर बदलतं. एका लहान गावाच्या योजनेत नगरपालिकेने जॅकवेलच्या जागी दोन चाचणी खड्डे घेतले होते, तेही काठावर. सगळ्यांनी ४ मीटरवर खडक धरून लम्पसम भरला. प्रत्यक्षात ९ मीटरवर लागला, त्यावर वाळूचा थर आणि पाझर. ठेकेदार म्हणाला ही अनपेक्षित परिस्थिती, नगरपालिका म्हणाली तुमचा लम्पसम. दोन उन्हाळे गेले. नदीत काम करायला आपल्याला फेब्रुवारी ते मे मिळतो, एक उन्हाळा गेला की वर्ष गेलं. त्या दोन वर्षांत जे गाव गढूळ पाणी प्यालं त्याची भरपाई कुठल्याच करारात नव्हती. चार-पाच बोअर आधी घेतले असते तर सगळं टळलं असतं, आणि तो खर्च योजनेच्या किमतीत दिसलाही नसता.

इथे फिडिकचा एक दाखला उपयोगी आहे. १९९९ च्या संचात पिवळ्याशेजारी चंदेरी पुस्तकही आहे, टर्नकीचं, ज्यात जवळजवळ सगळी जोखीम ठेकेदारावर जाते. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की टेंडर भरणाऱ्यांना तपासायला पुरेसा वेळ नसेल, किंवा जिथे जमिनीखालचं मोठं काम आहे आणि जागा पाहून अंदाज येण्यासारखा नाही, तिथे हे पुस्तक वापरू नका. ज्यांनी सगळी जोखीम ठेकेदारावर टाकणारा करार लिहिला, तेच सांगतायत की जमिनीखालची जोखीम अशी ढकलता येत नाही. आपल्या काही टेंडरांमध्ये 'ठेकेदाराने जागेची पाहणी केली आहे असे गृहीत धरले जाईल' एवढ्या एका ओळीवर सगळं सोपवलेलं असतं. माझा सल्ला: बोअरचा अहवाल टेंडरसोबत द्या, त्यातली माहिती खरी असल्याची जबाबदारी घ्या, आणि ठरलेल्या खोलीपेक्षा खडक खाली गेला तर मीटरमागे किती रुपये हे टेंडरमध्येच मागून घ्या. मग भांडायला काही उरत नाही.

वितरण व्यवस्थेला मी नाही म्हणतो त्याचं कारण हेच आहे. गावठाणाच्या बोळात खाली जुना सिमेंटचा पाईप आहे, त्याच्या शेजारी कधीकाळचा बिडाचा, वर कोणीतरी स्वखर्चाने टाकलेली पीव्हीसी, आणि नकाशा कोणाकडेच नाही. परिमाण कोणालाच सांगता येत नाही. तिथे लम्पसम मागितला तर शहाणा ठेकेदार आकडा फुगवतो आणि बाकीचे कमी भरून मध्येच काम सोडतात. जेवढं खोदलं, जेवढं टाकलं, जेवढ्या जोडण्या बदलल्या तेवढे पैसे, हेच तिथे योग्य.

एसटीपीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दर्जा सगळे लिहितात. कुठला लिहायचा हेही पाहा. केंद्राच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मर्यादा महानगरांना २० आणि बाकी शहरांना ३० आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणली. तुम्ही १० लिहा. नायट्रोजन, फॉस्फरस आणि कॉलिफॉर्म जिवाणूंसह लिहा. नंतर कडक निकष लागू झाले तर टाक्या वाढवायला जागा आणि पैसे दोन्ही नसतात.

पण आत येणाऱ्या पाण्याचा दर्जा बहुतेक टेंडरांमध्ये पुस्तकातून उचललेला असतो: बीओडी २५०. हा आकडा गटारयोजना पूर्ण झालेल्या शहराचा आहे. तुम्ही नाला अडवताय. नाल्यात सेप्टिक टँकच्या निचऱ्याचं पाणी आहे, झरे आहेत, पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी आहे. तिथे बीओडी त्याच्या निम्म्यावरही असू शकतो आणि प्रवाह मे महिन्यात २ एमएलडी आणि जुलैत मोजण्यापलीकडे. अशा पातळ पाण्यावर जिवाणूंची पुरेशी वाढ होत नाही, एसबीआर पद्धतीच्या टाकीत (जिथे जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध होतं) गाळ टिकत नाही. मग हमीची चाचणी आली की ठेकेदार म्हणतो, तुमचं आत येणारं पाणीच टेंडरप्रमाणे नाही, माझी हमी लागू नाही. आणि तो कायद्याने बरोबर असतो.

म्हणून टेंडरआधी नाल्यावर व्ही-नॉच (व्ही आकाराच्या खाचेचा अडथळा, ज्यावरून प्रवाह मोजतात) लावून वर्षभर प्रवाह मोजा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चोवीस तासांचे मिश्र नमुने घ्या, दर दोन तासांनी एक. सकाळी अकराला बाटली भरून आणलेला एक नमुना कामाचा नाही. मग आत येणाऱ्या पाण्याच्या किमान-कमाल मर्यादा लिहा: बीओडी इतका ते इतका, प्रवाह इतका ते इतका, आणि हमी त्या मर्यादांमधल्या सगळ्या पाण्यावर मागा. ६ एमएलडीचा एकच संच न मागता दोन किंवा तीन भागांत मागा, म्हणजे सुरुवातीला एक भाग नीट भरून चालवता येईल. वर्ष मोजत बसायला वेळ नाही असं तुम्हाला सांगतील. पाणीपुरवठ्याचं टेंडर आधी काढा आणि एसटीपीचं मागून. दोन्ही एकत्रच हवेत असा कुठलाही तांत्रिक नियम नाही. उलट एसटीपी चालवणारे आणि पाणी शुद्ध करणारे ठेकेदार बऱ्याचदा वेगळे असतात. एकत्र केलं की पात्रतेच्या अटी इतक्या चढतात की भरणारे दोन-तीनच उरतात.

इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली, माणसं गेली. वरच्या गावाचं सांडपाणी हे खालच्या गावाचं कच्चं पाणी असतं, आणि पंचगंगेच्या काठावर आपण सगळे कोणाच्या तरी खालीच राहतो. तुमचा एसटीपी कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बायपासवर असेल, तर ते पाणी कोणाच्या तरी जॅकवेलमध्ये जाणार आहे. बायपासच्या दारावर फ्लोमीटर लावायची अट घाला आणि त्याची नोंद देखभालीच्या मासिक बिलाशी जोडा.

पैसे कसे द्यायचे हे लम्पसममध्ये फार नाजूक असतं. बी-२ मध्ये मोजमाप पुस्तकात जेवढं चढलं तेवढं बिल. इथे टप्पे ठरवावे लागतात, आणि टप्पे ठेकेदाराने सुचवलेले तसेच घेतले तर सगळे पैसे पुढे सरकतात. पाईप साइटवर उतरले की ७५ टक्के, असं मी पाहिलंय. मग पाईप रस्त्याकडेला वर्षभर पडून राहतात, आणि जोडणी, हायड्रॉलिक टेस्ट, रस्ता पूर्ववत करणं या कामांत ठेकेदाराला रस उरत नाही. पुरवठ्याला ५५ ते ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. टाकून-जोडून झाल्यावर काही, टेस्ट पास झाल्यावर काही, आणि किमान १० टक्के पाणी प्रत्यक्ष सोडून तीन महिने चालल्यावर. देखभालीच्या पाच वर्षांचा दर ठेकेदार जवळजवळ शून्य भरतो आणि तेच पैसे बांधकामात धरतो; मग बांधकामाचं बिल संपलं की माणूस दिसत नाही. त्याला आळा म्हणून देखभालीच्या रकमेला किमान मर्यादा घाला, आणि सुरक्षा ठेवीचा एक भाग पाचव्या वर्षापर्यंत अडकवून ठेवा.

डिझाइन तपासणार कोण, हा नगरसेवकांच्या शंकेचा खरा गाभा आहे. तुमच्याकडे दोन अभियंते आणि एक कंत्राटी पर्यवेक्षक असेल तर तुम्ही स्वतः तपासू शकणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. टेंडरमध्येच त्रयस्थ तपासणीची तरतूद करा. सांगलीचं वालचंद कॉलेज किंवा मुंबईची आयआयटी अशा संस्थांकडून संरचनेची गणितं तपासून घेता येतात. तपासणीला मुदत घाला, समजा २१ दिवस, पण 'मुदतीत उत्तर आलं नाही तर मान्य समजले जाईल' हे वाक्य तुमच्या टेंडरमध्ये आहे का ते पाहा, आणि असेल तर काढा. शिवाय तुम्ही ड्रॉइंगवर सही केली म्हणजे जबाबदारी तुमच्याकडे आली असं होणार नाही, हेही स्पष्ट लिहा.

आणि ड्रॉइंग ऑपरेटरला दाखवा. एका योजनेत ३०० मिमीच्या व्हॉल्वचं चेंबर इतकं अरुंद बांधलं की फ्लँजच्या नटाला पाना लावला तर तो एक अष्टमांश फेराही फिरत नव्हता, भिंतीला लागत होता. विटांची बचत झाली होती. पुढे गॅस्केट बदलायची वेळ आली तेव्हा भिंत फोडावी लागली आणि अर्ध्या गावाला तीन दिवस पाणी नव्हतं. व्हॉल्वमनने ते ड्रॉइंग पाच मिनिटं पाहिलं असतं तर लगेच सांगितलं असतं. आता मी टेंडरमध्ये लिहितो: प्रत्येक फ्लँजपासून भिंत किमान ४५ सेंटिमीटर.

तुमच्या सल्लागाराने आणखी एक मुद्दा मांडला असेल, की डिझाइन-बिल्डने वेळ वाचतो. अर्धं खरं आहे. डिझाइन आणि बांधकाम एकमेकांवर चढवता येतात, एका बाजूला फिल्टरहाऊसचं डिझाइन चालू असताना दुसरीकडे खोदाई होते. पण जमीन, वन विभाग, सार्वजनिक बांधकामचा रस्ता खोदायचा परवाना, महावितरणचा एक्सप्रेस फीडर, यांना कुठल्याही कराराने घाई होत नाही. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनला २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि ५३ किलोमीटरवरचं पाणी कोल्हापुरात आलं ते २०२३ च्या दिवाळीत. धरणाच्या पाण्यातली जॅकवेल, रस्त्याकडेची खोदाई, निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या. अशा कामात वेळ कुठे जातो हे आपण सगळ्यांनी दहा वर्षं पाहिलंय. निदान जागेचा ताबा आणि रस्त्याचे परवाने हातात आल्याशिवाय कार्यादेश देऊ नका. एकदा कार्यादेश दिला की तुमच्या प्रत्येक उशिराचे दिवस ठेकेदार मोजत असतो.

टेंडर भरायला मुदत किती देताय? डिझाइन-बिल्डला किमान ४५ दिवस हवेत, ६० दिले तर उत्तम. १५ दिवसांच्या अल्पमुदतीच्या नोटिशीत कोणीही खरं डिझाइन करत नाही. मीही ठेकेदाराकडे असताना केलेलं नाही. मागच्या योजनेचा आकडा घ्यायचा, एमएलडीच्या प्रमाणात फिरवायचा, वर भीतीचे १५ टक्के. ते १५ टक्के नगरपरिषद भरते.

अमेरिकेत यावर एक वेगळी वाट आहे. आधी ठेकेदार त्याच्या कामावरून निवडतात, मग मालक आणि तो मिळून उघड्या हिशेबाने डिझाइन अर्ध्याच्या पुढे नेतात, आणि नंतर किंमत ठरते. पद्धत मला पटते, पण आपल्याकडे दर हातात आल्याशिवाय ठेका देता येत नाही, तेव्हा तुमच्या प्रस्तावात ती आणू नका. तिच्यातला एक भाग मात्र घेता येतो: टेंडरपूर्व बैठक एकदा न घेता दोनदा घ्या, पहिली मसुद्यावर. ठेकेदार जे प्रश्न विचारतात त्यातून तुमच्या कागदात काय राहून गेलंय ते दिसतं. ज्या बैठकीत कोणीच प्रश्न विचारत नाही, तिथे कोणी कागद वाचलेला नसतो.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्यावर अवलंबून आहेत. तुमच्याकडे पुढची सात-आठ वर्षं हीच योजना पाहणारा अभियंता राहणार आहे का? बदल्या होत राहणार असतील तर अपेक्षांचा भाग आणखी तपशिलात लिहा, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या माणसाला माहीत नसणार. विजेचं बिल नगरपरिषद वेळेवर भरते का? भरत नसेल तर देखभालीतला वीजखर्च ठेकेदाराच्या माथी मारू नका, तो पहिल्या वर्षातच प्लांट बंद करेल. आणि मुख्याधिकारी सहा महिने थांबायला तयार आहेत का, की मार्चअखेर निधी परत जाण्याची टांगती तलवार आहे? तसं असेल तर टाक्या आणि रायझिंग मेन आधी काढा. त्यांना लागणारी माहिती लवकर जमते.

आत्ता पावसाळा तोंडावर आहे. नाल्यावरची व्ही-नॉच याच आठवड्यात बसवून घ्या, नाहीतर जुलैचे आकडे पुढच्या वर्षीच मिळतील. बोअर दिवाळीनंतर, पाणी उतरलं की घेता येतील. पूररेषेचा नकाशा मागणारं पत्र उद्याच जाऊ शकतं. आणि जुन्या पंपहाऊसवर जो सगळ्यात जुना माणूस आहे त्याला एकदा चहाला बोलवा, भिंतीवर खूण आहे का विचारा. खुणेची आर.एल. मिळाली की इथे कळवा, मोटर फ्लोअरची पातळी आपण मिळून ठरवू.